गुलाबी पाणी

भाईंदरच्या मिठागरांवर चित्रकलेचा वर्ग नेण्याची कल्पना आमची नव्हे. ती चित्रकलेच्या शिक्षकांची. आम्ही पडलों मराठीचे शिक्षक. छत्री घेऊन मुलें सांभाळण्यापुरते बरोबर गेलों होतों. या गोष्टीला आतां बरींच वर्षें झालीं.

वाचकहो, निसर्गचित्र काढा म्हटलें कीं दोन डोंगर, त्यांमधून डोकावणारा सूर्य, खालीं झोपडी व एक नारळ, हा देखावा ठरलेला! उत्तनचा समुद्र वा वसईची खाडी रोज पाहणारीं मुलेंहि तोच काढतात. त्या दिवशीं मात्र नियम असा कीं, डोळ्यांपुढें असेल तेंच कागदावर यावें. मुलें बावरलीं. सरळ बांध, उथळ चौकोनी खाचरें, मिठाच्या राशी, एखादा बगळा. यांत काढावयाचें तें काय? तेव्हां शिक्षकांनीं त्यांना कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेला हा चित्रकार १९३१ सालीं वारला. घराजवळच्या कोटितीर्थ तलावाचीं चित्रें त्यानें पुन्हापुन्हा काढलीं, तरी तो तलाव त्याला पुरून उरला.

आठवीतील एक मुलगा दूर बसला होता. त्याचे वडील मिठागरावरच राबत. त्यानें खाचरांतील पाणी चक्क गुलाबी रंगविलेलें पाहून आम्ही म्हणालों, "अरे, पाणी कधीं गुलाबी असतें काय? नीट रंगव." बाकीचीं मुलें हंसलीं. तो कांहींएक न बोलतां कुंचला धुऊं लागला.

चित्रकलेच्या शिक्षकांनीं आम्हांस हळूच शेवटच्या खाचरांकडे नेलें. तेथील पाणी खरोखरच गुलाबी होतें! मागाहून विज्ञानाच्या शिक्षकांनीं कारण सांगितलें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचें तें पाणी बांधांत घेऊन एका खाचरांतून दुसऱ्यांत सोडतात आणि तें उन्हानें आटत जातें. अति खारट पाण्यांत बहुतेक जीव तगत नाहींत. पण कांहीं सूक्ष्म शेवाळें व जंतु तगतात, आणि त्यांच्या अंगच्या तांबूस द्रव्याची झांक पाण्यावर येते. त्या मुलाला हें शास्त्र ठाऊक नसावें. त्याला पाणी ठाऊक होतें.

आम्ही परत आलों तों त्याच्या कागदावर पाणी निळें झालें होतें. सर्वांदेखत आम्हीं त्यास म्हटलें, "चूक आमची झाली, बाळ. तुझाच रंग खरा."

"पाणी दाट झालें म्हणजे तसेंच दिसतें, सर," एवढेंच तो म्हणाला. पण पुन्हा रंगविण्यास राजी होईना. परतीच्या वाटेवर आमचें कशांत लक्ष लागलें नाहीं. वर्गांत आम्ही मुलांच्या निबंधांवर नेहमीं शेरा मारतों, 'स्वतः पाहिलेलें लिहा.'

आठवड्यानें त्यानें घरून एक नवें चित्र आणून आमच्या मेजावर ठेवलें. खाचरें, राशी, आणि पाणी भरपूर गुलाबी. कोपऱ्यांत बांधावर एक गृहस्थ छत्री उघडून, पाण्याकडे पाठ करून उभे होते. ते कोण, हें आम्हीं विचारलें नाहीं.