लखनौमध्ये बाबा होताना

नवाबांचं शहर म्हटलं की इमामबाडा, चिकनचे कुडते आणि कबाब डोळ्यांपुढं येतात. पण कडेवर तान्हं मूल घेऊन इथं राहणाऱ्या बापाला हेच शहर अगदी वेगळं दिसतं.

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसनं निघालेला माणूस साधारण एका दिवसात लखनौला पोहोचतो. लष्कराचं मध्य कमांडचं मुख्यालय, रेल्वेची संशोधन संस्था, केंद्रीय औषध संशोधन संस्था, शिवाय बँका आणि सरकारी कार्यालयं या शहरात असल्यामुळं बदलीच्या निमित्तानं इथं येणाऱ्या मराठी कुटुंबांना तोटा नाही. सामान लागतं, भाषा जमते, हवामानाचीही सवय होते. खरी परीक्षा होते ती घरात पाळणा हलल्यावर.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण माहेर हजार-दीड हजार किलोमीटरवर असलं की अनेक जोडपी लखनौतच बाळंतपण करायचं ठरवतात. आजी येते, महिना-दीड महिना राहते. बाळाला न्हाऊमाखू घालते, धुरी देते, सुनेला किंवा लेकीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करून घालते. मग तिचं परतीचं तिकीट येतं. त्या दिवसापासून घरात उरतात तिघं. रात्री दोन वाजता बाळ रडायला लागलं की कोणी उठायचं, हा प्रश्न मग टाळता येत नाही. कालपर्यंत वर्तमानपत्रात डोकं घालून बसणारा गृहस्थ लंगोट बदलायला शिकतो, तो या दिवसांत.

सोहर, छठी आणि आत्याचा मान

या वेळी शेजार मदतीला धावतो. लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांत मूल जन्मल्याची बातमी घरात राहत नाही. शेजारणी ढोलक घेऊन येतात आणि सोहर गातात. सोहर म्हणजे अवधमधली जन्माची गाणी. सहाव्या दिवशी 'छठी', बाराव्या दिवशी 'बरही'. आपल्याकडची सटवाईची पूजा आणि बारसं आठवावं, असंच सारं. छठीला बाळाची बुआ, म्हणजे आत्या, काजळ लावते आणि त्याबद्दल 'नेग' हक्कानं मागून घेते. आपल्याकडं आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि पाठीवर बुक्के खाते. मान दोन्हीकडं आत्याचाच! बाळंतिणीसाठी इथं सुंठ, गूळ आणि सुक्या मेव्याचा 'हरीरा' होतो. शेजारणीनं आणून दिलेला हरीरा आणि आजीनं डब्यात भरून ठेवलेले डिंकाचे लाडू एकाच फडताळात सुखानं नांदतात.

मुलगा झाला की काशाची थाळी वाजवायची, हीही इथली जुनी चाल. मुलीसाठी मात्र थाळी गप्प राहायची आणि सोहरही पूर्वी बहुतेक मुलाच्याच जन्माला गायले जायचे. आता कित्येक घरांत मुलगी झाल्यावरही ढोलक वाजतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

भाषेची गंमत तर रोजचीच. मूल 'बाबा' म्हणू लागलं की मराठी बापाला आभाळ ठेंगणं होतं. शेजारची म्हातारी मात्र विचारते, ''आजोबांची आठवण काढतोय का?'' कारण अवधमध्ये बाबा म्हणजे आजोबा! आपला दादा म्हणजे मोठा भाऊ, तर हिंदीतला दादा म्हणजेही आजोबाच. 'आजी' हा शब्द मात्र अवधी घरातही आजीलाच वापरतात. तो ऐकला की गाव सोडून आलेल्या मराठी माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट मनात ठसते. लखनौचे जुने लोक लहान मुलालाही 'आप' म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळाला ''आप रो क्यों रहे हैं?'' असं आदरानं विचारलं जातं. 'अरे गधड्या'वर वाढलेल्या मराठी बापाला प्रथम हसू येतं. नंतर लक्षात येतं, की मुलाला मान देऊन बोललं की आपला आवाजही आपोआप खाली येतो.

बुकव्याची मालिश आणि बापाची छाती

मालिशीच्या बाबतीत इथं मोहरीचा अंमल आहे. मोहरीचं तेल, आणि मोहरी वाटून केलेलं उटणं म्हणजे 'बुकवा'. पिढ्यान् पिढ्या नाउनबाई हे काम करत आल्या. बाळाची कातडी नाजूक असते, तिखट मोहरीनं तिला पुरळ उठू शकतं. त्यामुळं डॉक्टरांना विचारूनच तेल ठरवावं. डोळ्यांत काजळ घालणं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं, या दोन्ही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन न दुखवता टाळायला हव्यात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हेही त्यांना पटवून द्यावं लागतं. लखनौच्या उन्हाळ्यात हे पटवणं सोपं नसतं. अशा वेळी बापानं खंबीरपणे आईच्या बाजूनं उभं राहायचं असतं.

हा विषय इथं हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार उत्तर प्रदेशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ३८ बाळं पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. महाराष्ट्रात हा आकडा १६ होता, तर देशाचा २८. याच प्रदेशात एक आशादायक कामही झालं. लखनौशेजारच्या रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगडच्या गावांमध्ये संशोधकांनी घरोघर जाऊन साध्या गोष्टी समजावल्या. जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालू नका, कोरडं पुसा, उबदार ठेवा, लगेच अंगावर पाजा आणि आईच्या उघड्या छातीशी धरा. २००८ साली या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे समजावलं गेलं, तिथं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले होते. ना महागडं यंत्र, ना मोठी इमारत.

छातीशी धरण्याचं हे काम आईइतकंच बापालाही करता येतं. सदरा काढून, बाळाला छातीवर पालथं ठेवून, वरून शाल पांघरून बसलं की झालं. आईला तासभर झोप मिळते आणि बाळाला बापाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती पाहुण्यांची सरबराई करण्यात न घालवता अशी घालवावी.

ऋतूंबरोबर वाढणारं बाळ

लखनौत बाळाचं पहिलं वर्ष ऋतूंवर मोजता येतं. समजा, बाळ दिवाळीच्या सुमारास जन्मलं. पहिले दोन-तीन महिने कडाक्याच्या थंडीचे. जानेवारीत दिवसचे दिवस धुकं हटत नाही. बाळाला बाहेर काढायची सोय नसते, मात्र बापाला एक मुभा असते. सकाळी चौकातल्या गोल दरवाजापाशी जाऊन आईसाठी 'मक्खन मलाई' आणायची. घुसळलेल्या दुधाचा हा केशरी, हलका फेस फक्त थंडीतच मिळतो आणि ऊन वाढलं की विरून जातो. म्हणून द्रोण हातात सांभाळत लगबगीनं घरी यायचं.

फेब्रुवारीत ऊन कोवळं होतं. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरू लागलेलं असतं. आता बागेत जायला हरकत नाही. गोमतीनगरमधलं जनेश्वर मिश्र उद्यान २०१४ साली खुलं झालं. पावणेचारशे एकरांच्या त्या हिरवाईत बाबागाडी ढकलत कितीही फिरावं.

एप्रिलच्या अखेरीपासून लू वाहू लागते. पारा चाळिशी ओलांडतो, कधी पंचेचाळीसला टेकतो. बाळाच्या अंगावर तेव्हा शोभतो आणि सोसतो तो चिकनकारीचा मलमली झबला. चिकन म्हणजे लखनौचं कौतुकाचं लेणं. कापडावर आधी लाकडी ठशांनी कच्च्या निळ्या रंगात नक्षी उठवतात, मग बायका घरी बसून टेपची, बखिया, फंदा, मुर्री असे टाके घालतात, आणि शेवटी धुलाईत निळा रंग निघून जातो. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी, तर फंदा बाजरीच्या दाण्यासारखा. या कलेला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चौकात किंवा अमीनाबादेत झबलं घेताना ते उलटून आतून हात फिरवून पाहावं. गाठी टोचत असतील तर घेऊ नये. आणि घरी आणल्यावर आधी धुवावं, मगच बाळाला घालावं.

उत्तरेकडच्या ज्येष्ठात, मे-जूनच्या त्याच उन्हात, मंगळवारी 'बडा मंगल' येतो. हनुमानाच्या नावानं रस्तोरस्ती पुरी-भाजी आणि गार सरबत वाटलं जातं. देणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद राहत नाही. जूनमध्ये मलीहाबादचा दशहरी आंबा बाजारात येतो. बाळ तेव्हा सात-आठ महिन्यांचं, वरचं खाणं सुरू झालेलं. हापूसचा अभिमानी मराठी बाप दशहरीचा मऊ गर चमच्याच्या टोकावर घेऊन बाळाच्या ओठांना लावतो. बाळ जीभ बाहेर काढून आणखी मागतं. हापूस श्रेष्ठ की दशहरी, हा वाद त्या घरापुरता तिथंच मिटतो!

बाळाला घेऊन कुठं जाल?

बडा इमामबाडा पाहायलाच हवा. १७८४ साली दुष्काळ असताना लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौलानं तो बांधायला घेतला. सुमारे पन्नास मीटर लांबीच्या मुख्य दालनाला मधे एकही खांब नाही. या टोकाला कागद फाडला तर त्या टोकाला ऐकू येतो, हे वाटाडे करून दाखवतात. तिथं बाळानं भोकाड पसरलं तर वेगळा प्रयोग करायची गरजच राहत नाही! वरच्या भुलभुलैयात मात्र अरुंद, अंधारे जिने आहेत. आईबाबांनी आळीपाळीनं जावं, एकानं बाळ घेऊन खाली हिरवळीवर बसावं.

ज्या नवाबानं हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याचं स्वतःचं घर मात्र सुखी नव्हतं. खजिन्यावरून आईशी वैर आलं. ज्याला मुलगा मानलं तो वजीर अली १७९७ साली गादीवर बसला, पण तो खरा वारस नव्हे असं म्हणत इंग्रजांनी काही महिन्यांतच त्याला खाली उतरवलं. पुढं १८५६ मध्ये वाजिद अली शाहचं राज्य गेलं आणि तो कलकत्त्याला गेला. १८५७ च्या उठावात बेगम हजरत महलनं आपला बारा-एक वर्षांचा मुलगा बिरजीस कद्र याला गादीवर बसवलं. पराभवानंतर मायलेकांनी नेपाळात आसरा घेतला. बाप कलकत्त्यात आणि मुलगा काठमांडूत! तोफांनी चाळण झालेल्या रेसिडेन्सीच्या भिंतीआड, वेढ्याच्या त्या दिवसांत कित्येक तान्ही मुलंही दगावली. आज तिथल्या हिरवळीवर बाळं रांगतात. ते पाहताना मोठ्यांच्या लढायांची किंमत लहानांनी किती मोजली, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

मूल थोडं मोठं झालं की प्राणिसंग्रहालय गाठावं. १९२१ साली स्थापन झालेल्या या बागेतली छोटी आगगाडी लखनौच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवली आहे. सोमवारी सुट्टी असते. हे प्राणिसंग्रहालय कुकरैलला हलवण्याचा बेत पुढं आलेला असल्यानं निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

कैसरबागेत मराठी माणसाचा पाय हमखास थबकतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत संगीताचं महाविद्यालय उभं केलं, पुढं श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते सांभाळलं. आज ते भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली लेक गेल्यावर भातखंड्यांनी वकिली सोडून सारं आयुष्य संगीताला वाहिलं. ज्याच्या घरातला पाळणा रिकामा झाला, त्यानं परक्या शहरात हजारो मुलांच्या गळ्यात सूर घातले.

जाण्यापूर्वी

बाळाला घेऊन लखनौ पाहायचं तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध उत्तम. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुक्यामुळं गाड्या तासन् तास उशिरा धावतात. तान्ह्या मुलाचे त्यात हाल होतात. २०१९ पासून विमानतळ ते मुंशीपुलिया अशी मेट्रो धावते. हजरतगंज आणि चारबाग ही स्थानकं तिच्याच मार्गावर असल्यानं बाळाला घेऊन फिरणं सोपं झालं आहे. चौकाच्या गल्ल्यांत बाबागाडी चालत नाही, तिथं झोळीच बरी. गर्दीत आईनं बाळाला पाजायला आडोसा शोधावा लागला, तर एखाद्या चिकनच्या दुकानात मोकळेपणानं विचारावं. 'तशरीफ रखिए' म्हणत दुकानातल्या बायका आतली खोली उघडून देतात.

बदलीची मुदत संपली की सामान पुन्हा बांधलं जातं. त्यात सोहर गाणाऱ्या शेजारणीनं शिवलेली गोधडी असते, लहान झालेलं चिकनचं झबलं असतं, आणि 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणणारं, बापाला हुकमानं 'आप आइए' म्हणून बोलावणारं एक दोन-अडीच वर्षांचं पोर असतं. गावी आजी-आजोबा त्या बोलीचं कौतुक करून दमत नाहीत. पण रात्री झोप येऊ लागली की ते पोर कुणाच्याही मांडीवर राहत नाही. ते सरळ बापाच्या छातीवर जाऊन पालथं पडतं आणि क्षणात झोपी जातं.