नळी काढायची राहिली

मुतखड्यासाठी आता पोट फाडावं लागत नाही, हे गावोगावी माहीत झालंय. खोलीत पाऊल टाकता टाकताच पेशंट विचारतो, 'लेझरनं होईल ना?' बहुतेक वेळा होतं. दुर्बीण लघवीच्या वाटेनंच मूत्राशयात जाते, तिथून मूत्रनलिकेत, वर मूत्रपिंडापर्यंत. होल्मियम लेझरनं खड्याचा चुरा होतो, अंगावर एकही टाका पडत नाही. खडा मोठा असला तर पाठीतून जेमतेम सेंटिमीटरभर छिद्र. १९७६ साली स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी या वाटेनं खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी कुशीवर वीतभर चीर, कधी बाराव्या फासळीचा तुकडाही कापावा लागे. तशी चीर अंगावर वागवणारी म्हातारी माणसं अजून तपासायला येतात, आणि नातवाला दुसऱ्या दिवशी घरी सोडलेलं बघून हरखून जातात.

मला काळजी वाटते ती आत राहणाऱ्या नळीची. डीजे स्टेंट म्हणतात तिला. साधारण २६ सेंटिमीटर लांब, दोनएक मिलिमीटर जाड, मऊ, अंगावर बारीक भोकं आणि दोन्ही टोकांना वेटोळं. एक वेटोळं मूत्रपिंडात बसतं, दुसरं मूत्राशयात, म्हणून ती जागची सरकत नाही. दुर्बीण फिरल्यावर मूत्रनलिकेला सूज येते. वाट बंद झाली तर लघवी वर तुंबते, कळ येते, ताप चढतो. सूज उतरेपर्यंत ही नळी वाट उघडी ठेवते. सारखी लघवीला होणं, लघवी करताना कुशीत दुखणं, थोडं रक्त जाणं, हे त्रास तिच्यामुळंच. साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांत ती काढायची असते. भूल देणारी जेली लावून, चिमट्यानं, पाच मिनिटांचं काम.

आमच्या बीड भागात हे आठवडे नेमके ऊसतोडीच्या हंगामात अडकतात. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. अशाच एक ताई हंगाम संपवून ताप घेऊन आल्या. आदल्या वर्षी दुसरीकडं ऑपरेशन झालेलं. फाईलवर नळी काढण्याची तारीख होती, इंग्रजीत, औषधांच्या यादीखाली. 'आपरेशन झालं म्हनले, खडा बी दावला. आत नळी हाय हे मला काय ठावं?' त्या म्हणाल्या. मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. नळीची दोन्ही टोकं पांढऱ्या खड्यांत गुरफटली होती. मूत्राशयातला खडा तर लिंबाएवढा.

लघवीतले क्षार नळीवर बसतात, बंबाच्या तोटीवर पाण्याचे बसावेत तसे. जंतूंचा थर असला तर आणखी वेगानं. तीन महिन्यांपलीकडं धोका वाढत जातो, खड्यांची प्रवृत्ती असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना त्याहून लवकर. अशी नळी ओढायची नसते; मूत्रनलिकाच फाटू शकते. आधी मूत्राशयातला खडा फोडायचा, मग दुर्बिणीनं मधला भाग मोकळा करायचा, मग पाठीतून वरचं वेटोळं सोडवायचं. एका बैठकीत नेहमी होत नाहीच. जुनी नळी ठिसूळ होऊन तुटते. काहींचं मूत्रपिंड तोवर निकामी झालेलं असतं. ताईंचं वाचलं, पण पाच मिनिटांच्या कामासाठी त्यांना दोनदा भूल घ्यावी लागली आणि घरची उचल वाढली.

अशा वेळी 'पेशंट बेफिकीर' असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. दिसत नाही, टाका नाही, खडा हातात मिळाला. माणसानं आजार संपला असं समजावं यात गैर काय? नळी घालणाऱ्यानंच ती निघेपर्यंत हिशेब ठेवायला हवा. आमच्याकडं नळ्यांची वेगळी वही आहे. त्यात पेशंटचा नंबर आणि गावात मागं राहणाऱ्या माणसाचाही. तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत, कार्डाच्या पहिल्या ओळीत. टोळी लवकर निघणार असेल आणि ऑपरेशन सुरळीत झालं असेल, तर दोरा बाहेर ठेवलेली नळी घालून ती आठवड्याभरात काढून टाकता येते. काहींना तर नळीची गरजच नसते, आणि ती न घालण्याचा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा लागतो.

घरात कुणाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं असेल तर फाईल काढून बघा. 'डीजे' असं लिहिलेलं दिसलं आणि नळी काढल्याचं कुणालाच आठवत नसेल, तर पोटाचा साधा एक्स-रे पुरतो. नळी त्यात स्पष्ट दिसते. बाई गरोदर असेल तर एक्स-रे नको, सोनोग्राफी करा.