आकड्यांची घासाघीस

ऑक्टोबर १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ अमृतसरच्या जालियनवाला बागेत आल्या, पुष्पचक्र वाहिलं, मान झुकवली. तेवढ्यावर काही मनं निवळलीही असती. पण सोबतच्या प्रिन्स फिलिप यांनी तिथला फलक वाचला. त्यावर दोन हजार हुतात्म्यांचा उल्लेख होता. ते म्हणाले, हा आकडा फुगवलेला दिसतो, जखमीही धरले असावेत. आणि हे कुणाकडून कळलं? तर नौदलात त्यांच्यासोबत असलेल्या, इथे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या खुद्द जनरल डायरच्या मुलाकडून!

हिशेबालाच बसलं तर त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. सरकारी नोंद ३७९ मृतांची आहे, काँग्रेसचा अंदाज हजारावरचा. तरी तो प्रसंग वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझं कुणी त्या बागेत मेलं नाही. पंजाबी मला धड समजतही नाही. मग हा राग कुठून येतो?

नुरित श्नाबेल आणि आरी नाडलर या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलं आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना हिरावलेली पत आणि सत्ता परत हवी असते. ज्यांनी केला त्यांना आपण मुळात वाईट नाही, असा दाखला हवा असतो. माफी मागताना आकड्याची घासाघीस करणारा हा दाखला आधीच खिशात घालू बघतो. २०१९ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान टेरेसा मे यांनी संसदेत त्या हत्याकांडाला ‘लज्जास्पद डाग’ म्हटलं, खेद व्यक्त केला, पण माफी काही मागितली नाही. मला ते चोरटेपणाचं वाटलं. आणि समजा मागितली असती, तर क्षमा कुणी करायची? मी? मेलेल्यांचं मुखत्यारपत्र माझ्याकडे नाही. रागाचा वारसा मात्र मी बिनदिक्कत घेतला आहे.

इथवर सोपं आहे, कारण इथे आपण सगळे एका बाजूला. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्याचं पाणी सत्याग्रह करून प्यायले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि नंतर शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. हा विषय निघाला की डायरला शंभर वर्षांनीही न सोडणारी आमची सवर्ण मंडळी म्हणतात, ‘अहो, किती दिवस तेच उगाळायचं?’ मग घासाघीस सुरू होते: सगळे सवर्ण तसे नव्हते, काही तर सत्याग्रहातही होते. खरंच होते. फिलिपचं म्हणणंही कदाचित खरं असेल.

विसरण्याची मुदत ज्याने मारलं त्याने ठरवायची नसते, हे अमृतसरबाबत आपल्याला पक्कं कळतं. तळं खाजगी असल्याचा दावा लावून महाडच्या सवर्णांनी हा खटला हायकोर्टापर्यंत नेला. तिथे ते हरले तेव्हा १९३७ साल उजाडलं होतं. आणि फिर्यादींत एकही गोरा साहेब नव्हता.