कूलरसमोरचा कॉकर

चंद्रपूरचा पारा ४७ वर गेला की घराघरांत कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं होतात. आमच्याकडे होत नाहीत, कारण ती जागा कॉकरची आहे. पोट फरशीला टेकवून, मागचे पाय लांब ताणून तो दुपारभर पडलेला असतो. पाहुणे आले तर त्यांनी पंख्याखाली बसायचं.

या कुत्र्याचं मूळ गाव इंग्लंड. तिथल्या ओलसर झाडोऱ्यात घुसून वुडकॉक पक्ष्याला उठवायचं आणि बंदुकीचा बार झाला की पडलेला पक्षी दाताची खूण न उमटवता आणून द्यायचा, हे त्याचं काम. पुढे अमेरिकेत गेलेल्या कॉकरचं डोकं गोल झालं, केस लांब झाले आणि उंची कमी झाली. १९४६ साली तिथे इंग्लिश आणि अमेरिकन अशा दोन वेगळ्या जाती धरल्या गेल्या. १९५५ च्या डिस्नेपटातली ‘लेडी’ ही त्या अमेरिकन घराण्यातली. तेव्हापासून लोकांच्या मनात कॉकर म्हणजे गादीवर बसायचं कुत्रं, असं जे बसलं ते बसलंच.

मला मात्र कॉकर पहिल्यांदा दिसला तो बल्लारपूरच्या पेपरमिल कॉलनीत, एका साहेबांच्या बंगल्यात. सोनेरी रंगाचा. आम्ही पोट्टे फाटकाला लटकून त्याला पाहायचो. दूध घालायला येणारी म्हातारी म्हणायची, “मायबाई, याच्या कानाची तं वेणी घालता येते!” एकदा फाटक उघडं राहिलं आणि तो थेट बांबूच्या थप्प्यांत शिरला. साहेबांचा गडी हाका मारून थकला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा अंगभर भुसा आणि तोंडात पारव्याचं पिल्लू. गड्याने हात पुढे केला, तर त्याने ते हातावर ठेवलं. पिल्लू जिवंत, पीस न् पीस जागेवर. साहेबांच्या त्या लाडोबाला हे कुणी शिकवलं होतं?

माझा स्वतःचा पहिला कॉकर बँकेच्या बदलीवर वडशाला असताना आला. काळाभोर, म्हणून नाव जांभूळ. धान कापून झाल्यावर बांध मोकळे होतात, तेव्हा सकाळी मी त्याला वावरात नेई. नाक जमिनीला, आखूड शेपटी इतक्या जोरात हलायची की मागचं सगळं अंगच डोलायचं. एकाएकी झुडपात उडी, आणि भर्रकन लावा उडायचा. जांभूळ जागच्या जागी बसायचा आणि वळून माझ्याकडे बघायचा. आपलं काम झालं, आता तुमचं करा, असा त्याचा चेहरा. मी बंदूक कधी धरली नाही, आणि १९७२ च्या कायद्यानंतर धरायचं कारणही उरलेलं नाही. लावा लांब जाऊन बांधापलीकडे उतरे. जांभूळ क्षणभर तिकडे, क्षणभर माझ्याकडे पाही. माझ्याबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नसावं.

पण त्या वावरांनीच त्याला छळलं. कुसळं आधी केसांत अडकतात, मग बोटांच्या बेचक्यात शिरतात, तिथून कातडीत. घरी आल्यावर ओट्यावर बसून एकेक बोट फाकवून बघावं लागे. गोचिड्या तर कानाच्या आतल्या घडीत अशा लपतात की नजरेला दिसत नाहीत, बोटाला लागतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल लावायचं नाही. एका पावसाळ्यात त्याने खाणं सोडलं आणि दोन दिवसांनी नाकातून रक्त आलं. गावचे पशुवैद्य बैल-म्हशींत मुरलेले, पण त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, “टिक फीवर दिसतो. रक्त तपासा, नागपूरला न्या.” सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासलं, प्लेटलेट घसरलेल्या. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन घेऊन तो उठला. त्यानंतर दर महिन्याचं गोचिडीचं औषध आमच्या घरात किराण्याच्या यादीत आलं.

आता चंद्रपुरात, तुकूमला, बदाम आहे. इथे कुसळं कमी, ऊन जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून फिरणं पहाटे. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघायची, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. उन्हाळ्यात याची हजामत करून टाका, असं दहा जण सांगतात. करू नये. पोटाखालचे, पंजांतले, कानाखालचे केस कापावेत; पाठीवरचे ठेवावेत, तेच उन्हापासून वाचवतात.

आणि कान. कॉकर पाळणं म्हणजे निम्मं कान पाळणंच. लोंबत्या पाळीखाली हवा जात नाही, ओल राहते, बुरशी धरते. आठवड्यातून एकदा पाळी उलटवायची, औषधाचे थेंब सोडायचे, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं. आत चुळुकचुळुक वाजतं. मग सोडून लांब व्हायचं, कारण तो मान झटकतो आणि शिंतोडे चष्म्यावर येतात. वर आलेला मळ कापसाने टिपायचा, काडी आत घालायची नाही. आंबूस वास आला, मळ तपकिरी निघाला, की घरचे उपाय बंद आणि डॉक्टर. पाणी अरुंद तोंडाच्या तपेलीत द्यावं, म्हणजे कान बाहेर राहतात.

संध्याकाळनंतर बदामला अंगणात सोडत नाही. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. जंगलात तर बदामला नेतच नाही. ताडोब्यात पाळीव कुत्र्यांना बंदी आहे, ती योग्यच. डिस्टेंपरसारखा रोग कुत्र्याकडून वाघाला आणि रानकुत्र्यांना जाऊ शकतो. त्या रोगाची लस चुकवायची नाही, ती नुसती कुत्र्यासाठी नसते. मग त्या नाकाचं करायचं काय? रोज दिवेलागणीला मी उकडलेल्या चिकनचे तुकडे घरभर लपवतो, चपलांच्या मागे, कुंडीच्या आड, ‘लोकसत्ते’च्या रद्दीत. याच जातीची कुत्री विमानतळांवर स्फोटकं हुंगतात. आमचा चिकन हुंगतो. पाव तास शोधून झाला की तासभर चाललेल्या कुत्र्यासारखा निवांत झोपतो. नाकाला काम दिलं नाही, तर सोफ्याचा कापूस निघतो.

शेजारच्या भाऊंना नातीसाठी असंच पिल्लू हवं होतं, “गोंडस असते ना हो.” मी म्हटलं, आधी रविवारी कान साफ करायला या. भाऊ आले, डोकं धरून बसले, शिंतोडे सदऱ्यावर घेतले. पुढच्या महिन्यात त्यांनी गल्लीतलंच एक गावठी पिल्लू घरात घेतलं. त्याचे कान उभे आहेत.