संत्र्याचा पांढरा पापुद्रा

दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात, आणि माझ्या दवाखान्यात दर दुसरा मधुमेही रुग्ण विचारतो, "डॉक्टरसाहेब, संत्रं चालतं का?" चालतं. एका वेळी एक खा, जेवणावर लगेच नको, आणि फोडींवरचे पांढरे दोरे सोलत बसू नका, एवढंच मी सांगतो. पाहुण्यांपुढे लख्ख सोललेली फोड ठेवायची आपली रीत आहे. पण साखरेच्या संदर्भात ज्याचा अभ्यास होतो ते संत्र्यातलं हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य असतं मुख्यतः त्या दोऱ्यांत आणि सालीखालच्या पापुद्र्यात. लेब्रेतों या फ्रेंच संशोधकाने १८२८ मध्ये ते तिथूनच वेगळं काढलं.

या द्रव्याचा शरीरातला प्रवास मला फार विलक्षण वाटतो. हेस्पेरिडिनच्या रेणूला दोन शर्करांची जोडी चिकटलेली असते. लहान आतड्याला ती सुटत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती तोडतात, तेव्हा कुठे हेस्पेरेटिन मोकळं होऊन रक्तात उतरतं. खाल्ल्यापासून यात पाच-सहा तास जातात. प्रत्येकाच्या आतड्यातले जिवाणू वेगळे, त्यामुळे तेच संत्रं खाऊन एकाच्या रक्तात ते भरपूर सापडतं, दुसऱ्याच्या जेमतेम.

मग साखर उतरते का? दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये मधुमेही उंदरांना हेस्पेरिडिन आणि पपनसाला कडवटपणा देणारं नारिंजिन खाऊ घातलं. उंदरांची साखर उतरली. यकृत ग्लुकोज अधिक वापरू लागलं आणि नारिंजिनमुळे यकृतात नवं ग्लुकोज बनणंही मंदावलं. माणसांवरच्या हेस्पेरिडिनच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. लिंबातल्या एरिओसिट्रिन या तशाच द्रव्याचा ब्राझीलमध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांवर प्रयोग झाला. बारा आठवड्यांत उपाशीपोटीची साखर सुमारे ५ टक्के उतरली, म्हणजे ११० ची साधारण १०५. हा आकडा उमेद वाढवणारा आहे, पण मधुमेह जडलेल्या माणसाचं औषध सुटावं इतका मोठा नाही.

रसाला मी स्पष्ट नाही म्हणतो. मोसंबीच्या एका ग्लासात तीन-चार फळांची साखर उतरते आणि चोथा गाळणीत राहतो. त्या चोथ्याबरोबरच पुष्कळसं हेस्पेरिडिनही टाकून दिलं जातं. हार्वर्डच्या २०१३ च्या मोठ्या पाहणीत रस पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला. साखर एकदम खाली जाऊन घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर मात्र अर्धा कप रस लगेच प्यावा. तेव्हा ती साखरच हवी असते.

पपनसाबाबत एक इशारा. गणपतीत कोकणात, गोव्यात माटोळीला बांधतात तेच हे फळ. पपनस आणि ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या विकराला अडवतात, आणि सिम्वास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या किंवा फेलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. मधुमेह्यांपैकी अनेकांना अशा गोळ्या चालू असतात. पपनस खाण्याआधी आपल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून घ्या.

सालीची पावडर घेऊन मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करणारे रुग्ण मी पाहतो, आणि तीन महिन्यांनी त्यांचा सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी वर गेलेला असतो. संत्रं दोऱ्यांसकट आवडीने खा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.