भरतीची वेळ

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या आपल्या माणसांपैकी कितीतरी जण त्याच दिवशी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेली म्हातारी माणसे तासन्‌तास रांगेत उभी राहतात, बाबासाहेबांपुढे माथा टेकतात आणि बाहेर आली की पाण्याकडे बघत थबकतात. स्वयंसेवक म्हणून हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो. पण त्या पाण्याविषयी त्यांना दोन शब्द सांगावेत असे मला कधी सुचले नाही. सुचले असते तरी सांगता आले नसते.

२०१४ सालची गोष्ट. वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावची तीस-पस्तीस माणसे पहाटेच दादरला उतरली. शिवाजी पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मीच त्यांना चौपाटीवर नेले. वाळू लांबवर मोकळी, पाणी पार दूर. "इथंच निवांत बसा," असे सांगून मी पाणीवाटपाला निघालो. चौथीत शिकणारी एक चुणचुणीत मुलगी, नात्याने माझी भाची, मध्येच म्हणाली, "मामा, एवढं पाणी गेलं कुठं?" मी घाईत होतो. "वाहून गेलं. रात्री येतं परत," असे काहीतरी ठोकून दिले.

रात्र कसली! अकराच्या सुमारास पाणी गाठोड्यांपाशी आले आणि बारापर्यंत वाळू दिसेनाशी झाली. माणसे सुखरूप निघाली, पण एक आजी लाटेने पडली. भाकऱ्या गेल्या. त्याहून मनाला लागले ते पुस्तकांचे. मजुरीच्या पैशांतून शिल्लक टाकून त्या आजींनी नातवासाठी धम्माचा ग्रंथ घेतला होता. त्याची पाने एकमेकांना चिकटली. "वाळवू की. अक्षरं थोडीच पुसतात," एवढेच त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

जवळच एक कोळीण मावशी उभ्या होत्या. "आज पुनव आहे, ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारले. मार्गशीर्ष पौर्णिमा! दर पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना होते आणि फळ्यावर तिथी मीच लिहितो. पण पौर्णिमेला आणि अमावस्येला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते, समुद्राला उधाण येते आणि मुंबईला दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते, हे मला वीस वर्षे मुंबईत राहून माहीत नव्हते. मावशींनी हिशेबही शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मी कॉमर्सचा माणूस, आकडा ताडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचे कोष्टक छापतो, त्याच्याशी ताळा केला. थोडाफार फरक सोडला तर हिशेब जुळला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, तिथून ही पाऊणपट आली.

अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात तथागतांनी महासागराचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा की सागर आपली मर्यादा ओलांडत नाही. त्या दिवशी त्याने ती ओलांडली नव्हतीच. त्याच्या मर्यादेत गाठोडी मी ठेवली होती.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा कळले की हे अज्ञान माझ्या एकट्याचे नाही. समुद्राचा अभ्यास शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून करीत आहेत. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, आपला देशही तीत होता. त्यातूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, आज ती गोव्यात दोनापावला येथे आहे. पण शास्त्रज्ञांना कळले ते सामान्य माणसापर्यंत पोचते का, हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला. अमेरिकेसारख्या देशातही १९९६ च्या शालेय विज्ञानाच्या राष्ट्रीय आराखड्यात समुद्राला जवळजवळ जागा नव्हती. शिक्षक आणि शास्त्रज्ञ मिळून सुमारे शंभर जणांनी ऑक्टोबर २००४ मध्ये दोन आठवडे चर्चा केली आणि समुद्राबद्दल प्रत्येकाला काय ठाऊक असावे याची सात तत्त्वे ठरवली. याला समुद्रसाक्षरता म्हणतात. पहिलेच तत्त्व असे की नावे अनेक असली तरी पृथ्वीवरचा महासागर एकच आहे. मला पुन्हा पहाराद सुत्त आठवले. नद्या सागराला मिळाल्या की आपली नावे टाकतात, तसे चारी वर्णांचे लोक संघात आले की नाव-गोत्र टाकतात, असे तथागतांनी त्यात सांगितले आहे.

दुसरे एक तत्त्व हवामानाचे आहे. वाशीमच्या माणसाला समुद्राशी काय करायचे, असे कुणी विचारील. जूनमध्ये आमची माणसे ज्या पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात, तो समुद्रावरूनच येतो. सोयाबीन त्याच पाण्यावर उभे राहते.

त्या चर्चेनंतर दोनच महिन्यांनी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली. थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आई-वडिलांबरोबर फिरायला आली होती. समुद्र वेड्यासारखा फेसाळताना पाहून तिला दोनच आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला. तिने आरडाओरडा केला आणि शंभरेक माणसे वाचली. पण मला त्याहून मोठे वाटते ते इंडोनेशियातील सिमेउलुए बेट. १९०७ साली तिथे अशीच लाट येऊन फार माणसे मेली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना सांगत आल्या, की मोठा भूकंप झाला आणि पाणी मागे हटले तर डोंगराकडे पळा. या आपत्तीला त्यांच्या भाषेत नावही आहे, स्मोंग. २००४ मध्ये त्या बेटावरच्या सुमारे ७८ हजार माणसांपैकी फक्त सात जण दगावले. ही पुस्तकातून नाही, आज्यांच्या तोंडून आलेली साक्षरता.

आपल्याकडे तमिळनाडूत काय झाले? नागपट्टणमकडे मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा बातम्या आल्या. मदतीच्या याद्या बोटी-जाळीवाल्यांच्या. मासळी वाहणारा, मिठागरावर किंवा किनाऱ्याच्या शेतात राबणारा दलित मजूर त्या यादीत बसेना. समुद्राने सगळ्यांना सारखेच झोडपले होते, हिशेब मात्र माणसांनी जातीने केला. महाडच्या तळ्यापासून आपण ज्या पाण्यासाठी भांडतो, त्यात खारे पाणीही येते, हे मला तेव्हा कळले.

त्या सात तत्त्वांत माणूस आणि समुद्र यांच्या नात्याचेही एक तत्त्व आहे. ते शिकवताना या याद्याही शिकवल्या पाहिजेत, असे मला वाटते. २०१७ साली युनेस्कोने समुद्रसाक्षरतेची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. पुढे एका आंतरराष्ट्रीय पाहणीत २४ देशांतील तरुणांना समुद्राविषयी किती कळते ते १७ भाषांतून तपासले. २०२१ ते २०३० हे दशक तर संयुक्त राष्ट्रांनी सागरविज्ञानालाच दिले आहे. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असे सांगणाऱ्या देशातून बाबासाहेब १९१३ साली बोटीने अमेरिकेला शिकायला गेले. आपल्या घरात तरी समुद्राचे अज्ञान असू नये.

मी फार काही करीत नाही. सहा डिसेंबरला आमच्या पाणपोईवर पुठ्ठा लावतो : आजची तिथी, भरतीची वेळ, सामान कुठपर्यंत ठेवावे. लोक वाचतात, न वाचता येणाऱ्यांना पोरे वाचून दाखवतात. मागे एकदा त्या मावशी येऊन गेल्या. त्यांनी पुठ्ठा पाहिला आणि वेळ बरोबर असल्याचे मान हलवून सांगितले.

ती भाची आता डी.एड. होऊन शाळेवर शिकवते. मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा भरतीचा सगळा हिशेब तिला समजावून सांगितला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "मामा, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ना, पाणी वाहून जातं, रात्री परत येतं? 'मी पाहिलेला समुद्र' या निबंधात मी ते लिहिलं होतं. गुरुजींनी दहापैकी नऊ गुण दिले होते."