दिवाळीनंतरचा धबधबा

गोडचिनमलकीला जायचं हे एका संध्याकाळी ठरलं. कधी जायचं हे ठरायला मात्र आषाढ, श्रावण आणि अर्धा भाद्रपद लागला.

गोकाकचा धबधबा आपल्या भागात सगळ्यांना माहीत असतो. घटप्रभा 52 मीटरवरून खाली पडते, शेजारी जुनी गिरणी, वर झुलता पूल. गाडीतून उतरलं की समोर पाणी. गोडचिनमलकीचं तसं नाही. तिथं मार्कंडेय नदी दोनदा उडी घेते. पहिली सुमारे 25 मीटरांची, मग खडकाळ पात्रातून थोडं पुढं जाऊन दुसरी, पहिलीपेक्षा ठेंगणी. गावापासून दोन-अडीच किलोमीटर चालावं लागतं. म्हणूनच आमच्या महिला मंडळाच्या सहली गोकाकला चारदा गेल्या आणि इकडं एकदाही नाही.

लेकीचं म्हणणं, जायचं तर ऑगस्टमध्येच. नदी भरून असते, फोटो चांगले येतात, नंतर काय उरतं बघायला? तिचं चूक नव्हतं. पण सासूबाईंनी आषाढ चतुर्दशीला देशव्रत घेतलं होतं. चातुर्मासात गावाची वेस ओलांडायची नाही. दिग्व्रतात माणूस जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालून घेतो, देशव्रतात ठरावीक काळापुरती, तीही आणखी आखडून. मुनिमहाराज पावसाळ्यात एका जागी राहतात, ते पायाखाली जीव जास्त म्हणून. त्यांच्या मागोमाग आपणही थोडं थांबायचं, एवढा साधा हिशेब.

"दिवाळी झाली की सुटते मी. मग न्या," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तोवर पाणी कमी होतंय की."

"होऊ दे. मला काय पुरात पोहायचंय? पडताना बघायचंय नुसतं."

त्यांचं माहेर घटप्रभेकाठचं. पुरुषमाणसं गोकाकच्या बाजाराला बैलगाडीनं जायची, येताना धबधबा बघून यायची. बायकांनी तो ओसरीवर बसून ऐकायचा, तोही भाकऱ्या थापता थापता. लग्न होऊन बेळगावला आल्या आणि मग संसार. आता वय बाहत्तर. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत करायचं ठरलंय, आणि त्यानंतर खडकातून चालायचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी आताच सांगून ठेवलंय. म्हणजे दिवाळी ते संक्रांत, एवढीच काय ती फट. लेकीला धबधबा पुढच्या ऑगस्टात मिळेल, त्याच्या पुढच्याही. हे तिला मी समजावून सांगितलं नाही. तारखा समोर ठेवल्या, तिचं तिनंच पंचांग उघडलं.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. बेळगावला ज्या राकसकोप जलाशयाचं पाणी येतं, तो याच मार्कंडेय नदीवर आहे. म्हणजे पन्नास वर्षं रोज पहाटे दुहेरी फडक्यातून सासूबाई जे पाणी गाळत आल्या, ते याच नदीचं. सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग ओळखीचीच की."

दिवाळीनंतर जाण्याला निव्वळ व्रताचंच कारण आहे असं नाही. भर पावसात तिथले खडक शेवाळानं बुळबुळीत होतात. वर शिरूरला धरण आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरून पाणी सोडलं तर पात्र भरायला वेळ लागत नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धबधब्यावर पोरं पाय घसरून जातात, आणि पुष्कळदा त्या वेळी डोळे मोबाईलवर असतात. आपल्याकडं ईर्यासमिती सांगितली आहे, पुढची चार हात जमीन बघत चालायचं. ती सांगितली मुंगी-गोमीला वाचवण्यासाठी. पण ओल्या खडकावर ती चालणाऱ्यालाही वाचवते. सहलीला येणाऱ्या प्रत्येकीला मी हा एकच नियम सांगणार आहे. बघायचं असेल तर उभं राहायचं, चालायचं असेल तर खाली बघायचं.

खाण्यापिण्याचं दिवाळीनंतर सोपं होतं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, थंडीत सात, त्यामुळे दळणाची घाई नाही. चार महिने सोडलेली पालेभाजी परत सुरू, म्हणजे मेथीच्या दशम्या चालतील. कडक भाकरी, लसणाशिवायची शेंगाची चटणी, शेंगाची पोळी. दरवेळी कुणीतरी विचारतंच, शेंगा जमिनीत लागतात, मग त्या कशा चालतात? अगं, शेंग म्हणजे मूळ नव्हे. फूल वर लागतं, मग त्याचा देठ मातीत शिरतो आणि तिथं शेंग धरते. कंद तो नव्हेच.

खरी अडचण पाण्याची. नुसतं गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, लवंग घातलेलं सहा तास, उकळलेलं 24 तास. म्हणजे उकळूनच न्यायला हवं. आम्ही नऊजणी, प्रत्येकी दोन लिटर, अठरा लिटर पहाटे चारला चुलीवर. आपापलं पाणी आपापल्या पाठीवर. तरण्या पोरींवर सगळं लादायचं नाही, हा ठराव मी आधीच पास करून घेतला आहे.

नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सासूबाई त्याच्या दोन घटका आधी तोंड धुऊन मोकळ्या होतात. म्हणजे पाचच्या सुमाराला जेवण उरकलेलं हवं, म्हणजे चारला गाडीपाशी, म्हणजे दोनला धबधब्यावरून उठायचं. लेकीला जायला पाऊण तास पुरतो, सासूबाईंना मी दोन तास धरले आहेत. सकाळी सहाला निघालो तरच हे गणित जमतं. घरातल्या पुरुषमंडळींचा नाश्ता त्या गणितात बसत नाही. त्यांनी तो बघावा.

भिजण्यावरून अजून वाद आहे. पोरींना पाण्यात उतरायचंय. मंडळातल्या दोघी म्हणतात, न गाळलेल्या पाण्यात अंघोळ, म्हणजे किती जलकायिक जिवांना धक्का! आणि खाली कुंड किती खोल आहे ते दिसतही नाही. जिवांचं जिनं तिनं आपल्यापुरतं ठरवावं. कुंडाच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. कुणीही उतरायचं नाही.

सासूबाईंनी दशलक्षण संपल्यापासून चालायचा सराव धरला आहे. रोज किल्ल्यात कमल बस्तीपर्यंत, काठी घेऊन, मध्ये दोनदा बसून. काल परत आल्यावर पाय चेपता चेपता मी विचारलं, दुसऱ्या उडीपर्यंत उतरणार का?

"तुम्ही जावा खाली. मी पहिल्यापाशीच बसते. एक बसकर तेवढं घे माझ्यासाठी, दगड गार असतोय. आणि माझ्या पुढं कुणी उभं राहू नका म्हणावं."